ग्रुप सोडलास, म्हणून पत्र

१८ मे २०२५

प्रिय बाळ्या,

फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळी टिक येते आणि पुढं काय नाय, आणि दहावीच्या ग्रुपमधून तू २३ नोव्हेंबरलाच, विधानसभेच्या निकालादिवशी, दुपारी एक वाजता लेफ्ट झालास, अजून तिथं 'बाळ्या लेफ्ट' असं करड्या अक्षरात दिसतं वर सरकवत गेलं की. म्हणून म्हणलं पत्रच लिहावं, पत्राला लेफ्ट होता येत नाही. सुट्टी लागलीय, दुपारी लाईट नसते, वळवानं यंदा आधीच धुमाकूळ घातलाय, लिहायला वेळच वेळ आहे. पेपर तपासल्यासारखं वाचू नको, शुद्धलेखन माझंही घरी गेलं की सुट्टीवर जातं.

पहिल्यांदा त्या दिवशीचं. शरद पवारसाहेबांच्या तुतारीची पिपाणी झाली म्हणून ज्यानं ते कार्टून टाकलं त्याच्यावर तू चिडलास, बरोबर होतं, मी पण त्याला फोन करून झापला. पण तू मलाही त्यातच धरलंस, 'तुम्ही मास्तर लोकं इलेक्शन ड्युटीवर असता, तुम्हाला सगळं माहीत असतं, बोलत नाही' असं लिहून गेलास. ते मला लागलं. सहा महिने झाले तरी मधनंच टोचतं. म्हणून मला जे माहीत आहे ते एकदा सांगून टाकतो, मग तू ठरव.

माझी ड्युटी वाई मतदारसंघात होती, केंद्राध्यक्ष म्हणून. आपला मतदारसंघ ड्युटीला देत नाहीत तुला माहीतच आहे. १९ तारखेला सकाळी साहित्य ताब्यात घ्यायचं, कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट, शाई, सील, लाख, आणि छप्पन्न प्रकारची पाकिटं, मग लालपरीतनं गावात पोचायचं, शाळेच्या वर्गातच सतरंजीवर झोपायचं. झोप कुठली म्हणा. पहाटे साडेपाचला एजंटांच्या समोर मॉक पोल, किमान ५० मतं, आणि त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर. हे क्लिअर विसरलं की केंद्राध्यक्षाचं काय खरं नाही, मी तळहातावर पेनानं सीआरसी लिहून ठेवलं होतं शाळेतल्या पोरासारखं.

साडेदहा वाजता एक आजी आली, नऊवारी, कपाळावर बुक्का, शाई लावून घेतली आणि आडोशाच्या मागं गेली. दोन मिनिटं झाली, तीन झाली, आवाज नाही. मग तिथनंच ओरडली, "गुर्जी, पवारसायबाचं घड्याळ कुठलं?"

बाळ्या, खोलीत सगळे गप्प. दोन एजंट माझ्या तोंडाकडं बघतायत. वाईत लढतच अशी होती, घड्याळावर मकरंद पाटील म्हणजे अजितदादांचे, आणि साहेबांच्या अरुणादेवी पिसाळ तुतारी वाजवणाऱ्या माणसावर. म्हणजे 'पवारसायबाचं' म्हणलं तर घड्याळ नाही आणि 'घड्याळ' म्हणलं तर तो पवारसायब नाही. आजी अर्धी बरोबर होती, फक्त कुठली अर्धी ते मला सांगता येत नव्हतं. सुप्रीम कोर्टानं घड्याळवाल्यांना पेपरात जाहिरात द्यायला लावली होती की या चिन्हाचा वाद अजून न्यायप्रविष्ट आहे म्हणून, पण आजी कुठला पेपर वाचतेय. मी एवढंच म्हणलं, "आजी, मला सांगता येत नाही, नीट बघा आणि मनाला येईल ते दाबा." परत शांतता. आणि मग मशीन वाजलं, लांबच्या लांब बीप. आजी पदर सावरत बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वाजली की तुतारी!"

एक एजंट फस्सकन हसला, दुसरा पण हसला. आता तिनं काय दाबलं ते तिला आणि देवाला माहीत. बीप सगळ्यांनाच होते. मला दिवसभर ते डोक्यातनं जाईना.

कारण २०१९ ला सातारच्या झेडपीच्या ग्राउंडवर आपण दोघं होतो की रे. १८ ऑक्टोबर. साहेब पावसात बोलत होते आणि आपण प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर धरून उभे, तुझा नवा मोबाईल त्याच पावसात गेला आणि तू म्हणलास जाऊ दे, इतिहास बघितला. तीन दिवसांनी लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं मतदान झालं, उदयनराजे कमळावर पडले ८७,७१७ मतांनी, श्रीनिवास पाटील घड्याळावर निवडून आले. तेच घड्याळ. साडेचार वर्षांनी लोकसभेला तेच घड्याळ समोरच्या तंबूत, आणि साहेबांकडं तुतारी. त्यात साहेबांचे शशिकांत शिंदे पडले ३२,७७१ नी, आणि तो तुतारीसारख्याच पिपाणी चिन्हावरचा अपक्ष, नावही कुणाला माहीत नव्हतं, त्यानं घेतली ३७,०६२. फरकापेक्षा जास्त. तू तेव्हा म्हणलास तो निकाल पिपाणीनं लावला. सगळीच मतं चुकून पडली असं मी म्हणणार नाही, पण त्या आजीला बघितल्यापासून तुझं म्हणणं उडवून पण लावत नाही. आंबेगावला तर विधानसभेला कहर, वळसे पाटील जिंकले १,५२३ नी, समोर देवदत्त निकम, आणि पिपाणीवर दुसरे एक देवदत्त निकम, त्यांना २,९६५. नाव पण तेच, चिन्ह पण भावकीतलंच. मतदारानं काय चष्मा दोनदा पुसायचा?

पण इथपर्यंतच मी तुझ्या बाजूनं आहे. पुढं तू मशीननं मतं फिरवली असं जे लिहिलंस ते मला पटत नाही, आणि का ते सांगतो. संध्याकाळी पाचची टक्केवारी ५८ च्या वर थोडी आणि शेवटचा आकडा ६६, ही वाढ आली कुठनं असं सगळे विचारत होते. राज्याचं मला विचारू नको, माझ्या खोलीचं विचार. पाचला मी जो आकडा फोनवर कळवला तो घाईचा, रजिस्टर अर्धवट बघून दिलेला, समोर रांग, हातात फोन, दुसरा अधिकारी विचारतोय सही कुठं. सहा वाजता दारात बघितलं तर ४० एक माणसं, बहुतेक उसाच्या रानातनं आलेल्या बाया. नियम असा की रांगेच्या शेवटच्या माणसापासनं चिठ्ठ्या वाटत पुढं यायचं, म्हणजे मागनं कुणी घुसत नाही. मी वाटल्या. शेवटचं मत पडलं तेव्हा सात कधीच वाजून गेले होते. मग क्लोज, आणि १७ सी फॉर्म भरून प्रत्येक एजंटाच्या हातात प्रत, एकूण किती मतं पडली ती त्यात लिहिलेली, त्यांच्या सह्या. साहित्य जमा करायला परत रांग, घरी आलो रात्री अडीचला. आयोगानं आकडे नीट आणि वेळेत मांडायला पाहिजे होते, लोकांनी विचारलं तर वैतागून बोलायचं काय कारण होतं, हे माझंही म्हणणं आहे. मारकडवाडीला गावानं स्वतःच कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं, ३ डिसेंबरला, तर पोलिसांनी घेऊ दिलं नाही, तेही मला आवडलं नाही, गंमत म्हणजे तिथं आमदार तर तुतारीचेच उत्तम जानकर निवडून आले होते, तक्रार फक्त गावातल्या आकड्याची. घेऊ द्यायचं होतं, काय आभाळ कोसळणार होतं. पण माझ्या हातनं गेलेलं मशीन दुसरंच काय बोललं असं तू म्हणलास तर ते मी ऐकून घेणार नाही.

मग आघाडीचे एवढे पडले कसे? बघ ना, लोकसभेला ४८ पैकी ३० आघाडीचे, आणि सहाच महिन्यात २८८ मध्ये महायुती २३०, भाजप १३२, शिंदे ५७, दादा ४१. समोर ठाकरे २०, काँग्रेस १६, साहेब १०. विरोधी पक्षनेता व्हायला २९ लागतात, तेवढे एकाकडंही नाहीत. साताऱ्यात आठच्या आठ महायुती. कराड दक्षिणला पृथ्वीराजबाबा, माजी मुख्यमंत्री, ३९,३५५ नी पडले. सातारला शिवेंद्रराजे १,४२,१२४ नी आले, तिथं तर मोजायची गरजच नव्हती. तू याला एकच कारण लावतोस, मला घरातच दुसरं दिसतं. आमची ही. तिच्या बहिणीच्या खात्यात निवडणुकीआधी ७,५०० आले, लाडकी बहीणचे पाच हप्ते. मेव्हणी मला म्हणाली, "भाऊजी, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर पैसं आलं, नवऱ्याला न विचारता मिक्सर घेतला." त्या मिक्सरसमोर तू भाषण करून बघ. आता २,१०० म्हणले होते ते मार्चच्या बजेटात आलं नाही, म्हणून ती शिव्या पण घालते, पण मिक्सर वापरतेच.

आणि नंतरचा तमाशा आठवतोय ना. २३ ला निकाल, एवढं बहुमत, आणि शपथ ५ डिसेंबरला. मधे शिंदेसाहेब आपल्या दरे गावाला येऊन बसले, ताप आलाय म्हणे. अख्ख्या महाराष्ट्राचे कॅमेरे महाबळेश्वरच्या खाली त्या गावात. आमच्या स्टाफरूममध्ये पैज लागली होती, ताप १०० चा का गृहखात्याचा. पुढं जिल्ह्याला चार मंत्री मिळाले, शंभूराज, शिवेंद्रराजे, जयकुमार गोरे, मकरंद आबा. चार लाल दिव्यांचा जिल्हा म्हणत्यात आता, दिवे बंद झालेत तरी म्हणायची सवय आहे. आपल्या फाट्यावरचा खड्डा मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही असं दिसतंय.

आता आप्पांचं, तुझ्या वडलांचं. खरं तर हेच सांगायला बसलो होतो आणि वाईतच फिरत राहिलो.

तू आप्पांशी पण बोलत नाहीस कारण त्यांनी नोव्हेंबरला कमळ दाबलं आणि ते चारचौघात पारावर सांगितलं. साहेबांचे बाळासाहेब पाटील १९९९ पासनं आमदार, 'बदल पायजे' म्हणत होते आप्पा, आणि कराड उत्तरनं बदल केलाच, मनोज घोरपडे ४३,६९१ नी आले. बरं. आता एप्रिलमधे सह्याद्री कारखान्याची निवडणूक लागली. तिरंगी. तेच बाळासाहेब, तेच घोरपडे समोर, मंत्री-संत्री, गाड्यांचा धुरळा. आप्पांना तीनही पॅनेलनी न्यायला गाडी पाठवली, आप्पा चालत गेले. आणि निकाल काय? २१ च्या २१ बाळासाहेबांचे! चार महिन्यात. इथं मशीन नाही, कागद आणि शिक्का. मतदार सगळे तेच नाहीत, सभासदच फक्त, ते मला कळतं, पण पारावर बसलेली माणसं तीच आहेत की.

मी आप्पांना विचारलं, म्हणलं आप्पा हे कसं काय. ते ऊस बघत होते, मागं वळले पण नाहीत. "आमदारकी ती आमदारकी. ऊस हाय तो माझा हाय. काटा कोण मारत न्हाय ते बघून शिक्का मारायचा." मी म्हणलं मग तुम्ही नक्की कुणाचे? तर म्हणाले, "तुज्या शाळंत पोराला गणितात पाच आन मराठीत नव्वद पडलं तर तू त्याला कुणाचा म्हणतोस?" मला उत्तर आलं नाही, मास्तर असून.

तू त्यांना गद्दार म्हणलास बाळ्या. सुरत-गुवाहाटीला जाणाऱ्यांचा शब्द तू बापाला वापरलास. ते कधी गुवाहाटीला गेलेत, त्यांनी कोल्हापूरच्या पुढं गाडी बघितली नाही.

आणि गावात पुढं काय होणार ते ऐक. सुप्रीम कोर्टानं ६ मे ला सांगितलंय, चार महिन्यात स्थानिकच्या निवडणुका घ्या. झेडपीला मार्च २०२२ पासनं प्रशासक, तीन वर्षं वर झाली, सदस्य कोण होता ते पोरांना सांगावं लागतं. आता आरक्षण काय पडतंय याच्याकडं डोळे लावून सगळे बसलेत, तिघांनी तर सोडत व्हायच्या आधीच शुभेच्छांचे फ्लेक्स लावले. चिन्हं परत सगळी येणार, घड्याळ, तुतारी, कमळ, धनुष्य, मशाल, आणि परत कुणीतरी पिपाणी. आपल्या सरपंचाचं तर विचारूच नको, थेट सरपंच असल्यामुळं त्याला कुणाचीच भीती नाही, गावाच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं त्यामुळं निकालादिवशी तीन पक्षांनी त्याला आपला म्हणून हार घातला आणि त्यानं तिन्ही घालून घेतले, फोटो तिन्हीचे ग्रामपंचायतीत लावलेत, पाहुणा कुठला येतो ते बघून एक सरळ करतो बाकीचे पाठमोरे.

तुझं नाव अजून इथल्या यादीत आहे, कोपरखैरणेच्या यादीत पण असणार. मागच्या वेळी ट्रॅव्हल्स आल्या होत्या तुमच्याकडनं, तू नाही आलास. एक ठिकाणचं काढून टाक, कुठलं ते बघ. इथलं काढलंस तर आप्पा बोलणार नाहीत काही, पण यादी आली की ते बोटानं तुझं नाव शोधतात, मी बघितलंय.

आंब्याची पेटी एसटीच्या पार्सलनं पाठवलीय, आप्पांनीच भरलीय, वर गवत जास्त आहे आणि खाली आंबे कमी, त्यांचा स्वभाव तुला माहीत. ग्रुपची लिंक पण पाठवलीय आज सकाळी. दाबायची का नाही ते मला सांगता येत नाही, मी केंद्राध्यक्ष आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
गुर्जी

ता. क. पेटी दोन दिवसात सोडवून घे, तीन पिकलेले आहेत वरच्या थरात.