पडवीतल्या खोलीची जमीन

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पडवीतल्या खोलीत फरशी नको, मातीचीच जमीन करू म्हणतोस, हे वाचून फार बरं वाटलं. मातीच्या भिंतींच्या घरात सिमेंटचा कोबा घातला की खालची ओल कोंडते, भिंतीत चढते आणि खालपासून पोपडे सुटायला लागतात.

दिवाळीलाच ये. पाऊस सरलेला असतो आणि ऊनही तापलेलं नसतं. वैशाखात जमीन वरून झटकन सुकते, आत ओलीच राहते आणि फाटते.

माती आधी तपासून घे. काचेची बरणी अर्धी मातीने भर, वर पाणी ओत, जोरात हलव आणि दुसऱ्या दिवशी बघ. वाळू तळाशी, मध्ये गाळ, वर चिकणमाती बसते. चिकण जास्त असेल तर भेगा पडतात, वाळू जास्त असेल तर केर काढताना रोज धूळ निघते. आधी हातभर तुकडा करून बघितलास तर उत्तम.

खाली चिऱ्याचे तुकडे आणि खडी ठोकून बसव, म्हणजे ओल वर येणार नाही. माती आदल्या दिवशी भिजत घाल, बारीक कापलेला पेंढा टाकून पायांनी तुडव. पसरल्यावर लगेच चोपायला धावू नकोस. अंगठा दाबला की ठसा उठला पाहिजे, पण माती बोटाला लागता कामा नये. तेव्हा ते लाकडी चोपणं हातात घे. आधी कडा, मग मधला भाग. चोपताना कान दे. ओलसर मातीवर थप्प वाजतं, घट्ट होत गेली की आवाज टणक येतो. वाळताना भेगा पडतीलच. पाणी शिंपड, चाळलेल्या मातीचा पातळ काला भर आणि पुन्हा चोप. हे दोन-तीनदा करावं लागतं.

आता वरून सारवायचं की तेल घालायचं, ते सांगते. सारवण मला जिवाभावाचं आहे. आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे सरकत, हाताचे अर्धगोल उमटवत सारवलेल्या जमिनीला तोड नाही. पण सारवायला दर आठ दिवसांनी घरात माणूस हवं. तुझी खोली महिनोन्महिने बंद राहणार, तेव्हा तिथे जवसाचं तेलच घाल. एकदा तेल घातलं की वर शेण धरत नाही, म्हणून आताच काय ते ठरव. जमीन आतपर्यंत खणखणीत वाळू दे. पहिला हात कोमट तेलाचा, पुढच्या हातांना थोडं थोडं टर्पेंटाइन वाढवत ने, तेही चुलीपासून लांब. जमीन तेल प्यायची थांबली की पुरे.

आणि तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आतल्या आत तापून आपोआप पेटतात. पाण्याच्या बादलीत बुडव, नाहीतर बाहेर दोरीवर एकेक सुटं वाळत घाल.

पेंढा मी वेगळा काढून ठेवते. चोपणं माळ्यावर आहे, त्याचा दांडा तेवढा आल्यावर बदलून घे.

तुझी,
आई