मामा, माग-खोलीच्या रंगाबद्दल थँक्यू

मामा, नमस्कार. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू दे की गं" म्हणून चप्पल शोधायला लागता, म्हणून हे इथं सगळ्यांसमोर लिहायलेय, नात वाचून दाखवेलच तुम्हाला. वडगावात तुमच्या हातचा रंग नाही असं घर शोधावं लागेल, पण गुडघे गेल्यापासून शिडी चढत नाही म्हणून लोक समजतात मामांचं काम संपलं. त्यांनी एकदा आमची खोली येऊन बघावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या खोलीत सासऱ्यांचा पॉवरलूम होता, माग विकला आणि पोरगी यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, म्हणून खोली तिला अभ्यासाला द्यायची ठरली. वर मंगळुरी कौलं, भिंतीला चुन्यावर चुना, आणि माग होता त्या बाजूला कमरेपर्यंत तेलाचे काळे डाग आणि त्याच्यावर सुताची धूळ चिकटून बसलेली. एका ठेकेदाराने आकडा सांगितला तो ऐकून नवऱ्याचा चहा तसाच राहिला. मी म्हणलं मीच करते. घरातले सगळे हसले, तुम्ही मात्र फक्त विचारलंत, "भिंतीची ओल बघितलीस काय?"

आम्हाला गणपतीच्या आधी उरकायचं होतं. पण बेळगावचा पाऊस आणि त्यात आमची कौलं, तुम्ही सरळ नाही म्हणालात. दुधाच्या पिशवीचा तुकडा धुवून, पुसून, चारी बाजूंनी टेप मारून भिंतीला खाली चिकटवायला लावलात, दुसऱ्या दिवशी काढला तर आतून घाम. "ओलीवर रंग मारलीस तर संक्रांतीला पापुद्रे काढत बसशील." मग आधी कौलं फिरवून घेतली, गळती बंद केली आणि दसऱ्यापर्यंत थांबलो. पिशवी आतून कोरडी निघाली तेव्हाच तुम्ही पुढचं बोललात. माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात मोठा सल्ला हाच, आणि त्याला एक रुपया लागला नाही.

नंतर खरवडणं. अंगठा फिरवला की पांढरा येतो तोवर पत्रा चालवायचा, कारण चुन्यावर पुट्टी धरत नाही, चुन्यासकट सुटून येते. तेलाच्या डागांना गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि ब्रश, मग साध्या पाण्याने परत परत, आणि वाळल्यावरही जे काळं राहिलं तेवढ्यावरच ऑईल प्रायमरचा हात. भेगा तर तुम्ही मला आणखी मोठ्या करायला लावल्या! पत्र्याच्या कोपऱ्याने कोरून, धूळ झाडून, पाणी शिंपडून मग पुट्टी. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवायची म्हणून थोडी थोडी कालवायची, हे तुम्ही रोज बजावायचा.

आणि ती बॅटरीची गंमत. रात्री लाईट बंद करून बॅटरी भिंतीला टेकवून आडवी धरायला सांगितलीत, दिवसा गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर एकेक उंचवटा सावली टाकून उभा. पोरगीने पेन्सिलने गोल केले, सकाळी मी तोंडाला मास्क लावून तेवढेच पॉलिश पेपरने घासले, मग ओल्या फडक्याने धूळ पुसून प्रायमर. आता पोरगी कुणाच्याही घरी गेली की मोबाईलची बॅटरी भिंतीला लावून बघते, लाज आणते नुसती.

रंगाचा हिशोब पण तुमचाच. 12 बाय 15 ची खोली, चारी भिंती मिळून 54 फूट, उंची सरासरी 10, म्हणजे 540 चौरस फूट, दार-खिडक्या वजा जाता 490 च्या आसपास. दोन हातांना लिटरमागे 100 फूट धर म्हणालात, म्हणून 4 लिटरचा एक डबा आणि 1 लिटरचा एक. खडेबाजारात दुकानदार 10 चा डबा गळ्यात मारायला बघत होता, मी 490 चा आकडा सांगितल्यावर गप्प. घरी आल्यावर दोन्ही डबे एकाच बादलीत ओतायला लावलात, मशीनवर कालवलेला रंग डब्याडब्याला किंचित वेगळा निघू शकतो आणि तो फरक नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो म्हणून.

रंगाच्या दिवशी तुम्ही उंबऱ्यात खुर्ची टाकून बसला आणि ब्रशला हात लावला नाहीत. आधी 2 इंची ब्रशने कडा, त्या ओल्या असतानाच रोलर, आणि एक भिंत धरली की कोपऱ्यापर्यंत थांबायचं नाही, नाहीतर जोड दिसतो. "पांडुरंग दारात आला तरी वीट टाक, भिंत अर्धी सोडू नको." तुमची पाठ होती माझ्याकडं, रस्त्यावर कुणाशी तरी कन्नडात गप्पा चालल्या होत्या, आणि मधेच न बघता म्हणालात, "रोलर चरचर करायलाय, सुका पडला, रंग घे." आवाजावरून! मी नुसती बघत राहिले. पहिला हात वाळायला चार-पाच तास दिले, दुसरा संध्याकाळच्या आत झाला.

मामा, ज्या कामावर तुम्ही पोरं शिकवली, लग्नं केली, ते काम तुम्ही मला असं बसून शिकवलंत आणि पाकीट दिलं तर नातीच्या हातून परत पाठवलंत. साखर तुम्हाला चालत नाही म्हणून कुंदाही आणता येईना. एवढं तरी गल्लीला कळू दे की खोली मी रंगवली म्हणून जे माझं कौतुक करायलेत त्यातलं निम्म्याहून जास्त तुमच्या नावावर आहे.

आता दार आणि खिडक्या राहिल्यात. दाराचा ऑईल पेंट सासऱ्यांच्या वेळचा, आणि घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाखांत 90 भागांच्या) वर नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासूनचा, त्यामुळं शिशाची धूळ उडू नये म्हणून तुम्ही म्हणालात तसं कोरडं घासणार नाही, पाणी लावून घासायचा वॉटर पेपर आणून ठेवलाय. रविवारी नाश्त्याला या. पाकीट देणार नाही, शप्पथ.