लिव्हिंग विल जरूर करा, पण छापील नमुन्यावर डोळे मिटून सही नको

महोदय,

२०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात स्वतःचे लिव्हिंग विल, म्हणजे बरे होण्याची आशा संपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेले इच्छापत्र, नोंदवले, तेव्हापासून लोक याविषयी विचारू लागले आहेत. मात्र असे काही चर्चला चालत नाही, असे वसईपासून गोव्यापर्यंत अनेक कॅथलिक घरांत अजून धरून चालतात. मग बरे होण्याची आशा संपली तरी व्हेंटिलेटर काढायला कोणी धजत नाही. चर्चने असे कधीच सांगितलेले नाही. साधारण उपचार घेणे हे कर्तव्य, असह्य ओझे होणारे असाधारण उपचार घेतलेच पाहिजेत असे नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे स्पष्ट केले होते. चर्चचा विरोध आहे तो मरण घडवून आणण्याला. मग ते इंजेक्शन देऊन असो, की जे द्यायला हवे ते मुद्दाम रोखून.

खरा पेच अन्नपाण्याचा आहे. आपला कायदा नळीने भरवण्याला उपचार मानतो, म्हणजे तेही थांबवता येते. हल्ल्यानंतर अनेक दशके जाणीव हरपून पडलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना तर व्हेंटिलेटर नव्हताच; २०११ मध्ये न्यायालयापुढे प्रश्न होता तो त्यांचे अन्न थांबवण्याचा. व्हॅटिकनने मात्र २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सांगितले, की शरीराला उपयोग होतो तोवर अन्नपाणी ही मूलभूत शुश्रूषा आहे, ती काढून घेता येत नाही. म्हणून लिव्हिंग विलच्या छापील नमुन्यातली ‘कृत्रिम अन्न नको’ ही ओळ खोडा आणि लिहा: ‘नळीचे अन्नपाणी अंगी लागते तोवर द्यावे, पचेनासे झाले किंवा त्रास वाढला तर बंद करावे.’ अखेरच्या दिवसांत पोट रिकामे होत नाही, भरवलेले उलटून फुफ्फुसात जाते. सलाइन चालूच ठेवले तर हातपाय सुजतात, घशातली घरघर वाढते. तेव्हा ते थांबवणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे. हे घरच्यांना कोणीतरी आधीच समजावून सांगायला हवे, नाहीतर अपराधीपणाची भावना वर्षानुवर्षे छळते.

जानेवारी २०२३ पासून कागद करणे सोपे झाले आहे. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आणि तुमच्या वतीने बोलणाऱ्या, शक्यतो एकाहून अधिक, माणसांची नावे. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक पालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. कपाटात कुलूपबंद राहिलेला कागद रात्री दोन वाजता आयसीयूत उपयोगाचा नाही. पुढे रुग्णालयात तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे उपचार थांबवावेत का यावर शक्यतो ४८ तासांत मत देतात आणि अंमलाआधी दंडाधिकाऱ्यांना कळवले जाते.

एवढे करण्यापेक्षा ‘डामा’ (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) बरा म्हणून नातेवाईक सही करून रुग्णाला घरी नेतात. हे फार वाईट. श्वासाची नळी निघते, धाप लागते, आणि घरात ना ऑक्सिजन असतो ना वेदना व धाप शमवणारे मॉर्फिन. घरी न्यायचेच असेल तर औषध, ते देणारे माणूस आणि डॉक्टरांचा फोन आधी ठरवा. मॉर्फिनची धास्ती नको: तोंडावाटे साधारण ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी सुरू करतात, वृद्धांना त्याहून कमी, आणि पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचे औषध. वेदना शमवण्यासाठीच दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे कमी झाले, तरी चर्च त्याला हत्या म्हणत नाही.

आणखी एक. फादरना बोलावतात ते श्वास अडकू लागल्यावर. तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) तेव्हाही होतो, पण पापनिवेदन राहून जाते आणि घास गिळता येत नसल्याने कम्युनियनही (पवित्र भाकरीचा प्रसाद) देता येत नाही. आजार गंभीर झाल्याचे कळताच, माणूस शुद्धीवर असताना निरोप द्या, आणि ही ओळही त्या कागदात लिहून ठेवा.

– एक परिचारिका, वसई