ऐन मृगात सहल कशी करायची? सिंगापूर पॅकेजबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सहलीची तारीख परस्पर बदलणे आणि ठरलेल्या दराबाहेर पैसे मागणे

महोदय,

आंबिया बहाराच्या संत्र्याचा चुकारा डिसेंबरमध्ये हाती आला. त्यातून मी आपल्या अमरावतीच्या कार्यालयात सिंगापूर पॅकेजपोटी आगाऊ ८०,००० रुपये भरले. आम्ही दोघे, सासूबाई, १२ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा अशा पाच जणांचे हे बुकिंग आहे. मे महिन्याचा दुसरा आठवडा, प्रवास नागपूर ते नागपूर, युनिव्हर्सल स्टुडिओ या मनोरंजन उद्यानाची तिकिटे दरातच, असे आपल्या शिक्क्याच्या कागदावर लिहिलेले आहे. आता आपण कळवता की गट भरला नाही, म्हणून निघायचे १० जूनला.

मी फोन केला तेव्हा आपले प्रतिनिधी म्हणाले, "विदर्भातल्या शाळा तर जूनच्या शेवटी उघडतात, मग तुम्हाला काय अडचण आहे?" शाळा उशिरा उघडतात हे खरे आहे, आमच्याकडच्या उन्हामुळे तसे करावे लागते. पण आम्ही शेतकरी आहोत. ७-८ जूनला मृग लागतो. पाऊस वेळेवर आला तर कपाशीची लावण, तूर, सोयाबीन सगळे त्याच दिवसांत येते. ट्रॅक्टर आणि मजूर अख्ख्या गावाला एकाच वेळी हवे असतात. त्या आठवड्यात घरातली दोन्ही कर्ती माणसे परदेशात गेली तर पुढचे वर्षभर खायचे काय? बुकिंग करतानाच मी सांगितले होते की मृगाच्या आत घरी परतायचे आहे. कार्यालयातल्या ताईंनी ते फॉर्मवर लिहूनही घेतले होते. मे निवडण्यामागे आणखी एक कारण होते. जूनमध्ये सिंगापूरच्या शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे युनिव्हर्सल स्टुडिओ ज्या सेंटोसा बेटावर आहे तिथे गर्दी वाढते. सासूबाईंना उन्हात रांगेत उभे ठेवणे मला मान्य नाही.

ही सहल आम्ही हौसेखातर एका दिवसात ठरवलेली नाही. मुलीला डिस्नेलँड पाहायचे होते. पॅरिस, कॅलिफोर्निया आमच्या आवाक्यात नाही, जवळचे म्हणजे हाँगकाँगचे. तिथला खर्चही आम्ही काढून पाहिला. सासूबाई शाकाहारी, त्यांना सिंगापूरच्या लिटल इंडिया या भारतीय वस्तीत जेवण मिळेल आणि मेट्रोने सगळीकडे फिरता येईल, म्हणून शेवटी सिंगापूर नक्की केले. पाचही पासपोर्ट नव्याने काढले, प्रत्येकाचे शुल्क भरून. त्यासाठी नागपूरच्या खेपा झाल्या त्या वेगळ्याच. म्हणून आपण पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्याला आमच्या घरात फार किंमत आहे. त्या आकड्यावर आम्ही शेततळ्याचे काम एक वर्ष पुढे ढकलले.

आणि तोच आकडा आता वाढत चालला आहे. तारखेच्या पत्रासोबत आपण जादा रकमांचा तक्ता पाठवला. त्यात "मुंबईहून सामील होणे" असे लिहिले आहे. नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही, वाटेत विमान बदलावे लागते, हे आम्हाला ठाऊक होते. पण नागपूर ते मुंबई हा आठशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास, जातानाचा आणि येतानाचा, आता आमच्या खर्चाने कसा झाला?

दुसरी बाब मुलीच्या तिकिटाची. विमानात १२ वर्षे पूर्ण झाली की प्रौढ भाडे लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण युनिव्हर्सल स्टुडिओत ४ ते १२ वर्षे वयाला मुलांचा दर आहे. आपण तिथेही तिला प्रौढ धरले आणि वरचा फरक मागितला. मुलासाठी रांग टाळण्याचा एक्स्प्रेस पास वेगळा लावला आहे. त्याची उंची ११० सेंटीमीटर. तिथल्या "रिव्हेंज ऑफ द ममी" या राइडला १२२ आणि "बॅटलस्टार गॅलॅक्टिका" या राइडला १२५ सेंटीमीटर उंची लागते. तिथे त्याला दारातूनच परत पाठवतील. "लहानथोरांना सर्व राइड्स" असे आपल्या जाहिरातीत छापले आहे, ते कोणाच्या भरवशावर?

सर्वांत जास्त संताप मला "आगमन कार्ड शुल्क, प्रत्येकी ९०० रुपये" या ओळीचा आला. सिंगापूरचे आगमन कार्ड, म्हणजे देशात शिरताना द्यायचा माहितीचा फॉर्म, तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते, तेही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. व्हिसाचे शुल्क असते, ते आम्ही मुकाट्याने दिले असते. पण जे सरकार फुकट देते, त्याचे पाच माणसांमागे ४,५०० रुपये? खेड्यातल्या माणसाला कळणार नाही, असे समजूनच ही ओळ लिहिली आहे असे मला वाटते. ती अनेक कुटुंबांनी निमूटपणे भरली असेल. ती तक्त्यातून सर्वांसाठी काढा, फक्त माझ्यासाठी नको.

आगाऊ रकमेसोबत घेतलेला टीसीएस (परदेश सहलीवर आपण गोळा करून सरकारात भरायचा कर) माझ्या पॅनवर २६एएस या प्राप्तिकराच्या उताऱ्यात अजून दिसत नाही. तो भरल्याचा पुरावाही पाठवा.

माझी मागणी सरळ आहे. ठरल्याप्रमाणे मे महिन्यातच, नागपूर ते नागपूर, जादा रकमा न घेता सहल न्या. ते जमत नसेल तर ८०,००० रुपये आणि टीसीएसची रक्कम पूर्ण परत करा. "रद्दीकरण शुल्क" कापू नये, कारण रद्द मी केलेले नाही, तारीख आपण बदलली आहे. पुढच्या वर्षीचे कूपनही मला नको.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क लागत नाही. उत्तर मराठीत पाठवावे, म्हणजे घरातल्या सर्वांना वाचता येईल.

आपली ग्राहक,
तालुका वरुड, जिल्हा अमरावती

सोबत: पैसे भरल्याची पावती, मूळ दरपत्रक, मृगाआधी परतण्याची नोंद असलेला फॉर्म, आपला जादा रकमांचा तक्ता (सर्व छायाप्रती)