‘आधी तुम्ही सांगा’ म्हणणाऱ्या मेकॅनिकदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

गाडी ताब्यात घेताना तुमचे आभार मानले होते, पण ते घाईघाईत, खिडकीतून हात हलवून. तोवर तुमचं डोकं दुसऱ्याच बॉनेटखाली गेलं होतं. म्हणून हे पत्र. थोड्या रागातच लिहितेय, पण तो राग तुमच्यावर नाही.

माझी तक्रार सुरुवातीपासून एकच होती. गाडी मागे घेताना मध्येच अ‍ॅक्सिलरेटर मरतो. पाय पूर्ण दाबला तरी गाडी उठत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी नुसती रांगते. बंद करून परत चालू केली की जसं काही झालंच नव्हतं. ‘रिव्हर्स’ हा शब्द मी प्रत्येक गॅरेजात घसा कोरडा करून सांगितला, पण जॉबकार्डवर तो कधी उतरलाच नाही. तिथे आपलं ठरलेलं: ‘पिकअप कमी’. एका ठिकाणी तर नवऱ्याला विचारलं, ‘‘मॅडम ब्रेक आणि रेस एकदम दाबतात का?’’ गाडी चालवणारी मी, समोर उभी मी, आणि प्रश्न त्याला!

गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर सगळ्यांनीच लावला. कोडही सगळ्यांना तोच मिळाला, पी२१३५. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप; तिच्या दोन सेन्सरचं आपसात पटत नाही, एवढंच तो कोड सांगतो. का पटत नाही ते शोधायला माणूस लागतो. पण कोड दिसला की पार्ट बदलायचा, असा हल्लीचा खाक्या. नवीन थ्रॉटल बॉडी बसली, दिवा परत आला. मग पेडल बदललं. पेडलच्या सेन्सरची तक्रार असली तर कोडच वेगळा येतो, हे मला तुमच्याकडून कळलं. त्यांना कोण सांगणार?

तुमच्याकडे आले तेव्हा तुमच्याही हातात स्कॅनर होता. तो तुम्ही मडगार्डवर ठेवलात आणि म्हणालात, ‘‘आधी तुम्ही सांगा.’’

एवढंच. पण दादा, मला तिथेच भरून आलं होतं. मी बोलत होते आणि तुम्ही मध्ये तोडत नव्हता. झाल्यावर विचारलंत, ‘‘मागे घेतानाच होतं, की मागे घेऊन पुढे काढताना? इंजिन गार असतं का गरम? स्टेअरिंग वळलेलं असतं?’’ म्हणजे मी सांगितलेलं खरं धरूनच तुम्ही पुढचं विचारत होता. मी शेवटी विचारलं, काय झालं असेल? ‘‘अजून कळलं नाही. बघू या.’’ इतक्या गॅरेजांत ‘कळलं नाही’ म्हणणारे पहिले तुम्ही. बाकी सगळ्यांना बॉनेट उघडायच्या आधीच कळलेलं असायचं.

मग मलाच गाडीत बसवलंत. हँडब्रेक वर, चाकांना अडसर लावलेले, माझा पाय ब्रेकवर घट्ट. सेन्सरच्या वायरींचा जोड, म्हणजे कपलर, न काढता मागच्या बाजूने पिन घालून तुम्ही मीटर जोडलात आणि तो मला काचेतून दिसेल असा धरलात. एका सेन्सरचा व्होल्टेज चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो, माझ्या गाडीत दोन्हींची बेरीज पाचाच्या आसपास राहिली पाहिजे, हे तुम्ही तिथेच समजावलंत. न्यूट्रलमध्ये बेरीज बरोबर. ड्राइव्हमध्ये बरोबर. रिव्हर्स टाकला आणि इंजिन उलट्या अंगाला कललं, तसे दोन्ही आकडे एकदम वर उडाले. दिवा लागला. मी आतून ओरडले, ‘‘हेच! हेच!’’ तुम्ही हसलात. दोन्ही एकदम वर गेले म्हणजे सेन्सर नाही, दोघांची सामाईक अर्थिंगची वायर, असं तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत.

टेप सोडवल्यावर ती वायर तुम्ही माझ्या हातात दिलीत. वरून धडधाकट. चिमटीत धरून जरा वाकवली तर आत नुसतं पोकळ लागलं. तांबं काळंहिरवं पडून तुटलेलं, टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. म्हणून तर आधीच्यांचा मीटर ‘पीप’ करून वायर चांगली म्हणायचा. उभ्या गाडीत ती चांगलीच होती! इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटचं रबर चिरलेलं, त्यामुळे इंजिन जास्त हलायचं आणि दर वेळी ही बिचारी ताणली जायची. बेरीज चुकली की कॉम्प्युटर थ्रॉटलच्या मोटरचा करंट तोडतो आणि स्प्रिंग झडप किंचित उघडी धरून ठेवते, गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला नेता यावी म्हणून. गाडी आपल्या जागी शहाणीच होती म्हणायची.

पुढची दुरुस्ती तशी किरकोळ. वायरचा तेवढा तुकडा बदलला, वायरींच्या जुडग्याला, म्हणजे हार्नेसला, ढील ठेवली. जाता जाता नव्या थ्रॉटल बॉडीची कॉम्प्युटरला ओळख करून देणं, म्हणजे लर्निंगही केलंत, जे बसवणाऱ्यांनी केलंच नव्हतं. आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं ते, वरखाली होतं म्हटल्यावर ‘नवीन पार्ट आहे, बसेल हळूहळू’ असं ऐकवून त्यांनी मला वाटेला लावलं होतं.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो. समोरच्याला आपल्यापेक्षा एखादी गोष्ट जास्त ठाऊक असू शकते, हे मनापासून मानणारी कमी. गाडी रोज मी चालवते, तेव्हा ती कशी वागते ते मला ठाऊक असणार, इतकं साधं ते. डॉक्टरांकडे, सरकारी खिडकीवर, शाळेत, कुठेही गेलं तरी माणूस एवढंच मागत असतो, आणि ते द्यायला कुणाच्या पदरचं काही जात नाही.

मॅडम ब्रेक आणि रेस एकदम दाबत नाहीत, हे त्या गॅरेजला फोन करून कळवलं आहे. वायर कुठे तुटली होती तेही सांगितलं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या कामी येईल.

माउंट तुम्ही लवकर बदलायला सांगितलंय. ते काम तुमच्याकडेच. पार्ट आला की कळवा, गाडी घेऊन येते.

तुमची आभारी,
रिव्हर्सवाल्या मॅडम