३० जीएसएम सांगून विकलेल्या विरळ क्रॉप कव्हरबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: दहिवरापासून (गोठलेल्या दवापासून) संरक्षणासाठी घेतलेल्या क्रॉप कव्हरचे वजन पाकिटावर छापल्यापेक्षा बरेच कमी असल्याबद्दल, माहितीपत्रकातील चुकीच्या सूचनांबद्दल आणि त्यासंबंधीची माझी पहिली तक्रार फेटाळल्याबद्दल.

संदर्भ: माझी पहिली तक्रार व त्यावर आपल्या विभागाने ई-मेलने पाठवलेले उत्तर.

महोदय,

स. न. वि. वि.

थंडी सुरू होण्यापूर्वी घरच्या बागेसाठी मी आपल्या कंपनीकडून क्रॉप कव्हरची, म्हणजे रोपांवर पांघरायच्या हलक्या कापडाची, दोन पाकिटे मागवली होती. दोन्ही पाकिटांवर ‘३० जीएसएम’, ‘२ मीटर × १० मीटर’ आणि ‘उणे ५ अंश सेल्सिअसपर्यंत संरक्षण’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. हंगामातल्या पहिल्याच दहिवरात या कव्हरखालची रोपे गेली. त्याबद्दल मी तक्रार केली, तेव्हा उत्पादन नमूद केलेल्या दर्जाचेच आहे, त्या रात्रीचे किमान तापमान हवामान अंदाजानुसार २ अंश असल्यामुळे दहिवर पडणे शक्यच नव्हते, आणि ग्राहकाने माहितीपत्रकातील सूचना पाळल्या नाहीत, अशी तीन कारणे देऊन आपल्या विभागाने ती निकाली काढली. यातील पहिले कारण खोटे आहे, दुसरे अज्ञानातून आलेले आहे आणि तिसऱ्याचा दोष आपल्याच माहितीपत्रकाकडे जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. ते केवळ मत राहू नये म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम वजनाबद्दल. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन, हे कापड विकणाऱ्याला मी सांगण्याची गरज नाही. परंतु आपल्या उत्तरात दर्जाविषयी एक वाक्य आहे आणि त्याच्या आधाराला एकही मोजमाप नाही, म्हणून हिशेब मांडणे मला भाग आहे. २ मीटर रुंद आणि १० मीटर लांब कापडाचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर होते, आणि ते ३० जीएसएमचे असेल तर त्याचे वजन ६०० ग्रॅम भरायला हवे. वापरलेले कव्हर मी झटकून, माती पुसून आणि पूर्ण वाळवून स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ठेवले, तेव्हा ते ३४८ ग्रॅम भरले. लांबी-रुंदी टेपने मोजली, ती मात्र बरोबर निघाली. म्हणजे हे कापड १७.४ जीएसएमचे आहे. छापील कागदावर ते एकपदरी पसरले तर खालचा मजकूर सहज वाचता येतो, इतके ते विरळ आहे. वापरामुळे कापड झिजले, असे कोणी म्हणू नये म्हणून दुसऱ्या पाकिटाचीही माहिती देते. ते मी अद्याप फोडलेले नाही. वेष्टन, आतला पुठ्ठा आणि माहितीपत्रक या सगळ्यांसकट ते ३९५ ग्रॅम भरते. दोन्ही पाकिटांवर एकच बॅच क्रमांक आहे. सीलबंद पाकीट पुठ्ठ्यासकट ६०० ग्रॅमच्या जवळपासही जात नसेल, तर आतले कापड ३० जीएसएमचे कसे, याचा खुलासा आपण करावा.

१७ जीएसएमचे कापड टाकाऊ असते, असे माझे म्हणणे नाही. किडी-पाखरांपासून कोवळी रोपे वाचवण्यासाठी किंवा हलक्या गारठ्यात थोडी ऊब धरून ठेवण्यासाठी ते उपयोगी पडते, आणि जाड कापडापेक्षा ते ऊनही जास्त आत सोडते. दहिवराच्या रात्रींसाठी मात्र माणूस जाणूनबुजून जाड कापड घेतो. रोपांना दिवसा ऊन थोडे कमी मिळेल हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते. आपण ३० चा आकडा छापून १७ चे कापड पाठवले, हा दर्जातला किरकोळ फरक नसून एका कामाची वस्तू दुसऱ्या कामासाठी विकणे आहे.

त्या आकड्याला मी इतके महत्त्व का देते, हे कदाचित आपल्या उत्तर लिहिणाऱ्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. शरद ऋतूच्या अखेरीस बागेतली सगळी कामे एकाच प्रश्नाभोवती ठरतात: पहिले दहिवर कधी पडेल आणि त्याआधी काय काय आत घ्यायचे. काही पिकांची चिंता नसते. लसणाच्या पाकळ्या याच दिवसांत जमिनीत घालतात, कारण गड्डा नीट धरण्यासाठी लसणाला थंडी लागतेच. गाजर, पार्सनिप (गाजरासारखे पांढरट कंदमूळ) आणि केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) यांना थंडी लागली की त्यांच्यातील साखर वाढून ती उलट गोड होतात, त्यामुळे ती मी उघडीच ठेवली होती आणि ती आजही उत्तम स्थितीत आहेत. टोमॅटो, मिरची, बेसिल आणि कुंडीतले लिंबाचे कोवळे रोप यांची गोष्ट वेगळी आहे. बेसिल तर तापमान १० अंशांच्या खाली गेले तरी कुरकुरायला लागते. टोमॅटोची पूर्ण वाढलेली हिरवी फळे दहिवरापूर्वी उतरवून घरात २० अंशांच्या आसपास ठेवली तर ती पिकतात. एकदा गोठलेले फळ मात्र मऊ पडून सडते. त्यामुळे फळे आधीच उतरवायची की कव्हर घालून आणखी काही आठवडे झाडावर ठेवायची, लिंबाची कुंडी घरात ओढायची की बाहेरच झाकायची, हा निर्णय वेळेत घ्यावा लागतो. तो निर्णय मी आपल्या पाकिटावरचा आकडा पाहून घेतला. पाकिटावर १७ जीएसएम छापलेले असते, तर फळे त्याच दुपारी टोपलीत आणि कुंडी दाराच्या आत असती.

सकाळी कव्हरच्या वरच्या बाजूला पांढरा थर साचलेला होता. आतली मिरचीची पाने हाताला ताठ लागत होती. ऊन वर आले तशी ती पाण्यात भिजवून काढल्यासारखी गडद आणि अर्धपारदर्शक झाली, देठासकट खाली लोंबली, आणि दुपारपर्यंत काळी पडली. पानातील पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फ जमला की तो पेशींतले पाणी ओढून घेतो, पेशींची आवरणे फाटतात, आणि बर्फ वितळताच पान असे दिसते. पाणी जास्त झाल्याने किंवा रोगाने मेलेले झाड एका सकाळीत असे होत नाही. छायाचित्रे पहिल्या तक्रारीसोबत पाठवली होती. ती कोणी उघडून पाहिली असावीत असे आपल्या उत्तरावरून वाटत नाही.

आता हवामान अंदाजाबद्दल. अंदाजात सांगितले जाणारे तापमान हे जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा झाकलेल्या पेटीत मोजलेल्या हवेचे असते. रोपे तिथे वाढत नाहीत. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आणि पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतात, त्यांच्या लगतची हवा थंड होते, जड झालेली ही हवा खालीच राहते आणि सखल जागी साचते. अशा रात्री जमिनीलगतचे तापमान वरच्या हवेपेक्षा ४-५ अंशांनीही कमी असू शकते. म्हणूनच अंदाज ३ किंवा ४ अंशांचा असला तरी जाणते लोक आभाळाकडे पाहून रोपे झाकून घेतात. ढगाळ रात्री तोच आकडा निरुपद्रवी ठरतो, कारण ढग ती उष्णता अडवून काही प्रमाणात परत पाठवतात. माझ्या बागेत रोपांच्या उंचीवर दोन किमान तापमापक होते, एक कव्हरबाहेर आणि एक आत. बाहेरच्यावर उणे २ आणि आतल्यावर उणे १ अशी नोंद आहे. याचा सरळ अर्थ असा, की उणे ५ अंशांपर्यंत संरक्षणाची हमी देणाऱ्या आपल्या कव्हरने एका अंशाचा फरक पाडला. दहिवरापासून संरक्षणाच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीने ‘अंदाज २ अंशांचा होता, तेव्हा दहिवर पडलेच नाही’ असे लेखी कळवावे, हे वाचून मला राग येण्याऐवजी आश्चर्यच अधिक वाटले.

सूचना न पाळल्याचा आरोप मला सर्वांत जास्त खटकला. आपल्या माहितीपत्रकातील चित्रात कव्हर झाडाच्या शेंड्यावरून घालून खाली खोडाभोवती दोरीने आवळलेले दाखवले आहे, आणि मी तसे केले नाही हे खरे आहे. तसे न करण्याचा निर्णय मी समजून-उमजून घेतला. कव्हर हे पांघरुणासारखे असते, ते स्वतः उष्णता निर्माण करत नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री जी ऊब सोडते ती अडवून धरणे एवढेच त्याचे काम असते, आणि खोडाभोवती आवळले की जमीनच बाहेर राहते. मी बांबूच्या काठ्यांचा सांगाडा उभा केला, कापड पानांना टेकणार नाही असे त्यावर घातले, चारही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडले आणि कडा विटांनी व मातीने दाबून टाकल्या. थंडीच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नये, असेही आपले माहितीपत्रक सांगते. वस्तुतः कोरड्या जमिनीपेक्षा ओलसर जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि खालची उष्णता वरपर्यंत चांगली पोहोचवते, म्हणून आदल्या दुपारी वाफ्यांना पाणी देणे हीच योग्य पद्धत आहे, आणि मी तेच केले. हंगाम संपेपर्यंत कव्हर काढू नये या सूचनेबद्दल फार लिहीत नाही. उन्हाच्या दिवशी ते उघडले नाही तर आत दमटपणा कोंडून पानांवर करडी बुरशी येते, एवढेच नमूद करते.

त्याच कागदाच्या मागील बाजूस आपल्याच कंपनीच्या खताची जाहिरात आहे. भरपूर नत्र असलेले हे खत थंडीच्या तोंडावर घातल्यास झाडे ‘पुन्हा हिरवीगार’ होतील, असे तीत म्हटले आहे. या दिवसांत नत्र दिले की झाडाला कोवळी, रसरशीत फूट येते, आणि दहिवराचा पहिला घाला त्याच फुटीवर पडतो. कागदाच्या एका बाजूला दहिवरापासून संरक्षण विकायचे आणि दुसऱ्या बाजूला दहिवराला बळी पडणारी फूट वाढवायची, यात व्यापारी कौशल्य असेलही, बागकामाचे ज्ञान मात्र नाही.

माझी मागणी वाजवी राहावी म्हणून हेही सांगते, की डेलियाची पाने काळी पडल्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. डेलिया झाकलेलेच नव्हते. पहिल्या दहिवराने पाने काळवंडली की खोड वीतभर ठेवून छाटायचे आणि कंद उकरून कोरड्या, न गोठणाऱ्या जागी ठेवायचे, ही त्याची नेहमीची रीत आहे आणि कंद सुरक्षित आहेत. टोमॅटो-मिरचीची झाडेही आज ना उद्या थंडीने संपलीच असती, याची मला कल्पना आहे. माझे नुकसान झाले ते त्यांवरच्या न उतरवलेल्या फळांचे आणि लिंबाच्या रोपाचे. त्या रोपाचा शेंडा आणि बहुतेक फांद्या मेल्या आहेत. साल खरवडून पाहिली असता बुंध्याजवळच थोडा हिरवेपणा दिसतो. ते फुटेल की नाही हे वसंतात कळेल, म्हणून त्याची भरपाई मी आज मागत नाही, परंतु तो हक्क राखून ठेवत आहे.

दोन्ही पाकिटांची पूर्ण रक्कम पाठवण्याच्या खर्चासह मूळ खात्यात परत करावी. आपल्या उत्तरात देऊ केलेले पुढील खरेदीवरील सवलतीचे कूपन मला नको. या बॅचमधील कापडाचे वजन आपल्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून तपासून घेऊन त्याचा निष्कर्ष मला लेखी कळवावा. सीलबंद पाकीट मी त्यासाठी जपून ठेवले आहे आणि पोच मिळाल्यास ते तपासणीसाठी देण्याची माझी तयारी आहे. सर्वांत तातडीची बाब म्हणजे, याच बॅचची पाकिटे ज्यांनी घेतली आहेत त्या सर्वांना आपण ताबडतोब कळवावे. अनेक ठिकाणी दहिवर अजून पडायचे आहे. तिथल्या ग्राहकांना आज कळले तर ते कापड दुहेरी करून घालू शकतील, फळे उतरवू शकतील, कुंड्या आत नेऊ शकतील. दोन आठवड्यांनी कळवून त्यांना काहीही उपयोग होणार नाही. माहितीपत्रकातील चित्र आणि पाण्याविषयीची सूचना पुढील छपाईपूर्वी दुरुस्त करावी, आणि संकेतस्थळावर ती आजच बदलावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मुद्देसूद लेखी उत्तर यावे, ही अपेक्षा आहे. पहिल्या वेळेसारखे ठरावीक नमुन्यातले उत्तर आले, किंवा उत्तर आलेच नाही, तर वजनाच्या नोंदी, छायाचित्रे आणि सीलबंद पाकीट यांसह हे प्रकरण मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे नेणार आहे. बॅच क्रमांकाबद्दल इतर खरेदीदारांना सावध करण्याचे काम मात्र मी तोपर्यंत थांबवणार नाही.

कळावे,

आपली,
(स्वाक्षरी)
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, दोन्ही पाकिटांवरील छापील मजकुराची व बॅच क्रमांकाची छायाचित्रे, काट्यावरील वजनाची छायाचित्रे, दोन्ही तापमापकांवरील नोंदींची छायाचित्रे, माहितीपत्रकाच्या दोन्ही बाजूंची प्रत, आपल्या विभागाच्या उत्तराची प्रत.