सूचना : कार्ट (मैदानावर फिरायची छोटी गाडी) न घेता गोल्फ खेळणाऱ्या सभासदांसाठी

व्यायाम म्हणून गोल्फ खेळायचा तर चालतच खेळावा. १८ होलची पूर्ण फेरी म्हणजे साधारण ८ ते १० किलोमीटर चाल आणि चारेक तास. नव्या सभासदांनी पहिला महिना ९ होलवरच थांबावे, तेवढेही भरपूर आहे.

टी-ऑफच्या (पहिल्या फटक्याच्या) १५ मिनिटे आधी या. अंग गार असताना थेट ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची काठी) फिरवला की कंबर धरते, कारण नितंब आणि पाठ नीट वळत नाहीत आणि सगळा पीळ कमरेवर येतो. आधी खांदे-नितंब मोकळे करा, मग वेजचे (जवळच्या फटक्यांच्या काठीचे) अर्धे स्विंग, मग सात नंबरची आयर्न (मधल्या अंतराची काठी); ड्रायव्हर सर्वांत शेवटी. चेंडू न ठेवता चार-पाच स्विंग उलट्या बाजूनेही घ्या.

नियमाने बॅगेत १४ क्लब (काठ्या) चालतात, पण सरावाला सात-आठ पुरतात. बॅग एका खांद्यावर कधीही लटकवू नका. दोन्ही पट्टे वापरा, नाहीतर ट्रॉली घ्या. पाणी दर दोन होलनंतर, तहान लागायच्या आधीच.

वीज कडाडली की खेळ तिथेच थांबवून क्लबहाऊसमध्ये परता. झाडाखाली थांबू नका.